विचार सांगा, पत्ता नको

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा माझ्याकडे आला. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातला, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. डेटिंग ॲपवर एका मुलीशी ओळख झाली, दोन-तीन आठवडे बोलणं झालं, मग नंबर दिला. दोन दिवसांनी फोन आला तो तिच्या चुलतभावाचा. याचं आडनाव, गाव, बापाचं नाव, वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे, सगळं त्याला माहीत. "दादा, मी तर आडनाव सांगितलंच नव्हतं," पोरगा पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सांगायची गरजच काय? मोबाइल नंबर यूपीआय ॲपमध्ये टाकला की खात्यावरचं नाव समोर येतं. त्यासाठी एक रुपयाही पाठवावा लागत नाही. नावावरून फेसबुक सापडलं, फेसबुकवर जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, मागे गावाची कमान. झालं काम. तिने दगा दिला असंही नाही. घरात तिचा मोबाइल तिचा नव्हता, एवढंच. म्हणजे तुमची माहिती समोरच्याच्या हातात किती सुरक्षित आहे, हे त्याच्या घरच्यांवरही अवलंबून असतं.

ऑनलाइन ओळखीबद्दलचे सल्ले आपण रोज वाचतो. ओटीपी देऊ नका, पैसे पाठवू नका, सार्वजनिक ठिकाणी भेटा. चूक काहीच नाही. पण ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर चोर असतो. आपल्या पोरापोरींना चोरापेक्षा समोरच्याच्या भावकीचं भय मोठं. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? पुण्यात कॅफे. कळंबच्या बाजारात किंवा धाराशिवच्या बसस्टँडवर सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे चौघे तुम्हाला बापाच्या नावाने ओळखतात. सोनईत 2013 साली टाकी साफ करायच्या निमित्ताने बोलावून तिघांना मारलं. खर्ड्यात 2014 साली मुलीशी बोलतो म्हणून शाळकरी पोराला मारलं, आणि 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. खर्डा आपल्या भूम तालुक्यापासून फार लांब नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस "बिनधास्त भेट" असं म्हणणार नाही.

आता आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचं म्हणणं: आडनाव लपवायचं म्हणजे न्यूनगंड, छातीठोक जय भीम म्हणा. बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा जागा मिळेना म्हणून पारशी नावाने पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. त्यांना न्यूनगंड होता म्हणायची कुणाची छाती आहे?

पण जात लपवत लग्नापर्यंत जाणंही मला मान्य नाही. 'बौद्ध' हा शब्द ऐकून ज्याला घाम फुटतो त्याच्याबरोबर संसार कशाला मांडायचा? उलट पहिल्या आठवड्यातच सांगून टाका: मी बौद्ध आहे, आंबेडकरवादी आहे. निम्मा कचरा आपोआप गळून जातो. मात्र गाव, नंबर, बापाचं नाव, कॉलेज, राहती खोली हे त्यात येत नाही. जो विचारांबद्दल एक शब्द न विचारता थेट "पूर्ण नाव काय, मूळ गाव कुठलं?" असं विचारतो, तो ओळख करून घेत नसतो, पंचनामा करत असतो. बोलायचंच असेल तर ॲपवरच बोला. भेट लातूर-सोलापूरला, दिवसा, माणसांत, आणि कुठे कुणाला भेटतोय हे एका मित्राला सांगून.

दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची. "पोरींच्या हातातला मोबाइल काढून घ्या." जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबियात मांडलं. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे 1936 साली लिहिलं. मोबाइल काढून घेणारा बाप गळ्यात निळा गमछा घालत असला तरी काम मनूचंच करतोय. आणि पोरांनो, तुम्हीही. मुलीशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकून "बघ पटवली" म्हणणारे आपल्यातही आहेत. त्या चुलतभावात आणि तुमच्यात मग फरक काय?

सरकारचं तर बोलूच नका. आंतरजातीय जोडप्याला 50 हजार रुपये देणारं सरकारच 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांची नावं-पत्ते 30 दिवस कार्यालयाच्या भिंतीवर लावतं. ते नोटीसबुक कुणीही फुकट चाळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये सांगितलं की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नका. बाबासाहेबांनी 1947 सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाचं घर आणि कागदपत्रं विनाकारण झडतीपासून सुरक्षित असण्याचा हक्क मागितला होता. घटनेत तो तसा आला नाही. आपल्या मोर्चांच्या निवेदनात पुतळे, वाचनालयं, शिष्यवृत्ती असते, असायलाच हवी. नोटीस काढून टाका ही ओळ मी अजून एकाही निवेदनात वाचलेली नाही.

त्या पोराने भीतीपोटी सगळं चॅट डिलीट केलं होतं. पुरावाच गेला. असं करू नका. धमकीचा मेसेज, नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून दोघा विश्वासातल्यांकडे पाठवा. फोटोच्या बदल्यात पैसे मागितले तर देऊ नका, 1930वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जात माहीत असून धमकी दिली असेल तर तक्रारीत ॲट्रॉसिटीचं कलम लावायला सांगा. "आधी चौकशी करू, मग बघू" असं उत्तर आलं तर 2018च्या दुरुस्तीतलं कलम 18-अ दाखवा: गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची अट नाही. ठाण्यात एकटं जाऊ नका. आम्ही तिघे गेलो होतो, तरी तीन तास बसवून ठेवलं. रात्री नऊला तक्रार घेतली.