रस्ता रुंद झाला, ओटे गेले

इंदूरचा मराठी माणूस पत्ता सांगताना राजवाड्यापासून सुरुवात करतो. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, अशी ती सात मजली वास्तू आमच्या नजरेत बसलेली आहे. १९८४ च्या दंगलीत ती जळाली, त्याबद्दल घरातील वडीलधारी माणसे आजही हळहळतात.

२०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, याचा आम्हाला अभिमान आहेच. विकासालाही आमचा विरोध नाही. पण रुंदीकरणात आमच्या गल्लीतले ओटे गेले. बँकेतून परतताना ओट्यावरचे आजोबा "आज उशीर झाला का?" असे विचारत. आता ते दार लावून आत बसतात. चालणाऱ्याला सावली नाही आणि वाढलेल्या जागेत मोटारी उभ्या.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबारला दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या वस्तीतून सरसकट सरळ रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. मोडकी घरे तेवढी काढावीत, मोकळ्या जागेत झाडे लावावीत, बाकीचे दुरुस्त करावे, ही त्यांची पद्धत. यात खर्च कमी आणि माणसेही उठत नाहीत. आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांना हे चटकन पटते. रुंदीकरणाच्या खात्यात वाढलेले फूट जमेला दिसतात, गेलेला शेजार नावे कोणीच टाकत नाही.

महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले की आपण सर्वांनी एवढेच विचारावे : नकाशात पायी चालणाऱ्याची, झाडाची आणि ओट्याची जागा दाखवा.