सूर्याचा वारा आणि न सुटलेला प्रश्न

शिक्षक मित्रांनो, "सूर्य आपल्याला काय देतो?" असं पाचवीच्या वर्गात विचारून बघा. "प्रकाश आणि उष्णता" हे उत्तर मुलांना पाठ असतं. सूर्यावरून सतत वाराही सुटतो, हे मात्र आपण सांगत नाही. माझ्या मते ते सांगायला हवं. त्यातला अजून न सुटलेला प्रश्न तर आवर्जून सांगायला हवा.

हा वारा हवेचा नसतो. त्यात विद्युतभार असलेले कण असतात. मुख्यतः हायड्रोजनचे आयन म्हणजे प्रोटॉन, थोडे हेलियमचे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन. वेगवान सौरवारा सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर जातो. म्हणजे साधारण अडीच दिवसांत तो पृथ्वीपाशी पोहोचतो!

आता गंमत बघा. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की ती बोटाला गार लागते, कारण पसरताना वायू थंड होतो. सौरवाराही पसरतो, पण हिशेबाप्रमाणे व्हायला हवा तितका थंड होत नाही. शिवाय वेगवान वाऱ्यात हेलियमचे आयन प्रोटॉनपेक्षा बऱ्याचदा चौपट किंवा त्याहून जास्त तापलेले आढळतात. हा वारा इतका विरळ असतो की कण एकमेकांना क्वचितच धडकतात, त्यामुळे त्यांचं तापमान सारखं होत नाही.

मग ही उष्णता येते कुठून? पावसाळ्यात आपल्या वेळ नदीला पाणी आलं की भोवरे दिसतात. मोठ्या भोवऱ्यातून लहान, लहानातून आणखी लहान भोवरे होतात आणि शेवटी त्यांच्या ऊर्जेची उष्णता होते. याला प्रक्षोभ म्हणतात. सौरवाऱ्यातही प्रक्षोभ असतो, पण तिथे चुंबकीय लाटाही असतात. आयन चुंबकीय रेषेभोवती घिरट्या घालतात. लाटेचा ठेका त्या घिरटीशी जुळला, तर झोक्याला वेळेवर धक्का दिल्यासारखी आयनांची ऊर्जा वाढते. पण उष्णता मुख्यतः याच मार्गाने मिळते का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

"आपल्या मुलांना हे कशाला?" असं कुणी म्हणेल. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताचं आदित्य-एल१ यान निघालं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून ते सूर्य पाहतं. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी 'सूट' दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने साकारली. सौरवाऱ्यातले प्रोटॉन आणि हेलियमचे आयन मोजणारं 'अस्पेक्स' हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं आहे. पुणं तळेगाव ढमढेऱ्याच्या मुलांना काही परकं नाही. एसटीने रोज लोक जातात-येतात.

रिकाम्या जागा भरता भरता मुलांना वाटू लागतं, की सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली असतात. असं वाटणारं मूल प्रश्न विचारणं सोडून देतं. म्हणून सुचवतो, आठवड्यातून एकदा फळ्याच्या कोपऱ्यात एक न सुटलेला प्रश्न लिहा. त्याला गुण नकोत, परीक्षाही नको. सुरुवात याच प्रश्नाने करा : सूर्याचा वारा वाटेत व्हायला हवा तितका थंड का होत नाही?