निकाहनाम्यात बाप, रेशनकार्डावर नवरा

निकाहच्या वेळी काझीसाहेब रजिस्टरमध्ये मुलीचं नाव लिहितात ते अमक्याची मुलगी म्हणून. वकील आणि साक्षीदार तिची परवानगी घ्यायला आतल्या खोलीत जातात, तेव्हाही तिला बापाच्या नावानेच विचारतात. ज्या कागदाने ती बायको होते, त्या कागदावर ती मुलगीच असते. आणि वलीम्याची भांडी परत जायच्या आत घरात सुरू होतं, "अब घर बदल्या, नाव बी बदलना." मग आधार, रेशनकार्ड, बँक. दोन महिन्यांत मुलीचं नाव तीनपैकी दोन हिस्से बदललेलं असतं, कारण आपल्या महाराष्ट्रात नुसतं आडनाव जात नाही, मधलं बापाचं नावही जातं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर आणि नोकरी सांगलीकडची. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली लग्न ठरलं की भेटायला येतात आणि हल्ली हमखास नावाचा विषय काढतात. पूर्वी विचारायच्या, "मॅडम, नाही बदललं तर चालतं का?" आता मोबाईलवर बयान ऐकून येतात आणि विचारतात, "बदललं तर गुनाह होतो का?" एका पिढीत प्रश्न असा उलटा फिरला. दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट मात्र तशीच आहे, मुलगी दुसऱ्या कुणाची तरी परवानगी मागते आहे.

आधी दीनचं बघू, कारण आपल्याकडे तिथूनच सुरुवात होते. पैगंबरसाहेबांच्या (स.) बीबींची नावं आपण लहानपणापासून पाठ करतो. खदीजा बिंत खुवैलिद, आयशा बिंत अबू बक्र, हफ्सा बिंत उमर. एकीच्याही नावापुढे नवऱ्याचं नाव लागलेलं नाही, आणि नवरा कोण होता हे वेगळं सांगायला नको. बीबी सफिया यांचे वडील हुयय हे तर मुसलमानांचे उघड विरोधक. तरी त्या शेवटपर्यंत सफिया बिंत हुययच राहिल्या. बापाचं नाव पुसून टाकायला याहून मोठं निमित्त कुठलं असू शकतं?

बयानवाले सूरे अहजाबच्या पाचव्या आयतीचा आधार देतात. त्या आयतीचा संदर्भ दत्तक मुलाचा आहे. हजरत जैद यांना लोक जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते, तेव्हा माणसाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा असा हुकूम आला. मुद्दा वंशाचा आहे. नवऱ्याचं आडनाव लावणारी आपली बाई "मी सासऱ्यांची मुलगी" असा दावा करत नसते, आणि ऐकणाऱ्या कुणाचाही तसा समज होत नाही. त्यामुळे माझ्या मते हा गुनाह नाही. मी आलिमा नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी जाणकारांना विचारावं. पण ज्या भावांना बहिणीच्या आडनावात गुनाह दिसतो, त्यांना तिच्या हिश्श्याच्या वेळी सूरे निसा का आठवत नाही, हेही त्याच बैठकीत विचारावं. त्यावर पुढे येतेच.

ही रीत मग आली कुठून? ती या मातीतली आहे आणि आपण तिच्यात शेजाऱ्यांइतकेच मुरलेले आहोत. जुने मराठी कागद बघा. त्यात हिंदू कुणब्याच्या नावातही "बिन" असतो, म्हणजे मुलगा. मुसलमानाच्या नावात "वलद" असतो. दोन्ही शब्द अरबी. बाईचं नाव मात्र "कोम" लावून, म्हणजे अमक्याची बायको म्हणून नोंदवलेलं असतं. पुरुषाची ओळख बापावरून आणि बाईची नवऱ्यावरून, असा हिशेब कागद लिहिणाऱ्याने घातला होता आणि त्यात जातधर्माचा फरक केला नव्हता. पुढे छापील फॉर्म आले आणि हा हिशेब रकान्यात बसला.

हिंदू घरांत तर पहिलं नावही बदलत असे. रमाबाई रानडे आपल्याच भागातल्या. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना ती. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनाची रमा झाली. जिने पुढे बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, तिचं माहेरचं नाव आज देवराष्ट्र्यातल्या किती पोरींना माहीत असेल? (देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याचं नाव बदललं तर जुने कागद रद्द होत नाहीत. बाईचं बदललं की तिला दारोदार पुरावे घेऊन फिरावं लागतं.)

आपली आडनावं तरी काय आहेत? मुल्ला, मुजावर, आतार, बागवान, तांबोळी, मणेर, शिकलगार, पिंजारी, जमादार. बहुतेक धंद्यावरून किंवा वतनावरून आलेली. ती अशी दगडावर कोरलेलीही नाहीत. मिरजेच्या सतारी जगभर जातात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हे काम सुरू केलं आणि आज त्या घराण्याचं आडनाव सतारमेकर आहे. पुरुषाने स्वतःच्या हातांनी नवं काम केलं, म्हणून आडनाव बदललं. तिथे कुणी विचारलं नाही की बापाचं नाव का सोडलं. बाईचं आडनाव बदलतं तेव्हा तिच्या हातांनी काय केलं याचा प्रश्नच येत नाही.

शेखांची मुलगी शेखांच्याच घरात दिली की बायका म्हणतात, चला, हिचं काही बदललंच नाही. बदलतं की! मधला बाप जातो आणि नवरा येतो. चुलत-मावस नात्यातल्या लग्नांतही हेच. फक्त ते डोळ्यांत येत नाही.

हे सगळं मानपानाचं आहे असं समजून मी सोडून दिलं असतं. पण कागद तसं सोडू देत नाहीत.

मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कलिस्टा, डी.एड.-बी.एड.च्या पदव्या, सगळं माहेरच्या नावाने. आधार आणि बँक सासरच्या नावाने. नोकरीच्या कागदपत्र पडताळणीला टेबलामागचा माणूस दोन्ही समोर ठेवतो आणि म्हणतो, या दोन वेगळ्या बायका आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीला अशा टेबलासमोरून तीनदा परत यावं लागलं. तिच्या नवऱ्याला एकदाही नाही, त्याचं नाव जन्मापासून तेच आहे. जातीच्या दाखल्याचंही तसंच. आपल्यातल्या बऱ्याच जमाती इतर मागासवर्गात आहेत. जात जन्माने धरतात, लग्नाने नाही, आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडिलांकडचा पुरावा मागतात. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत. राखीव जागेवर उभं राहायची वेळ आली की सासरचं नाव लावलेली बाई माहेरच्या गावी शाळेची जुनी रजिस्टरं शोधत फिरते.

आसाममध्ये काय झालं तेही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला लागली आणि १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. यादीत यायचं तर १९७१ पूर्वीच्या कागदातल्या बापाशी किंवा आजोबाशी आपलं नातं दाखवावं लागत होतं. लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, जन्मदाखला नाही, शाळा नाही, अशा लाखो बायकांकडे पंचायतीचा दाखला एवढाच दुवा होता. तो गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमान्य केला आणि त्याच वर्षाअखेर सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर ग्राह्य धरला. मधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील? भीती घालायला हे लिहीत नाही. बाप आणि मुलगी यांच्यातला कागदाचा धागा किती बारीक असतो ते दिसावं म्हणून लिहिते.

आता हिस्सा. सूरे निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. यावर मशिदीत कुणाचं दुमत नसतं. प्रत्यक्षात बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसांची यादी जाते ती भाऊ देतात. मुलाचं आडनाव आणि सातबाऱ्यावरचं आडनाव एक, गाव एक. मुलगी दुसऱ्या गावात, दुसऱ्या आडनावाने. तिचं नाव यादीत राहून गेलं तर कुणाला चुकल्यासारखं वाटतही नाही. राहून गेलं नाही, तर हक्कसोडपत्र तयार असतं. साडी, ईदी आणि "माहेर तुटायला नको" एवढ्यावर सही होते. आडनाव बदलल्यामुळे हक्क जातो असं नाही, कायद्याने तो जात नाही. पण बदललेलं आडनाव तिला विसरणं सोपं करतं. "ती आता तिकडची" हे वाक्य आधी कागदावर होतं आणि मग वाटणीत होतं. आपण हिंदू शेजाऱ्यांकडून नाव बदलायची रीत घेतली तशी ही हक्कसोडीची रीतही अंगवळणी पाडली, आणि ही तर आपल्या दीनच्या सरळ विरुद्ध आहे. नावाचं बयान लाखोंनी ऐकलं जातं. वाटणीचं बयान मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

सक्ती कुणाचीच नाही, हे मुलींना माहीत नसतं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा आपल्या देशात कायदा नाही. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे २०१७ मध्ये पंतप्रधानांनी जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग बापाचं, मग आडनाव. चांगला निर्णय आहे. त्यातच विवाहित बाईसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनी पद्धत चालू ठेवली आहे, आणि मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावायची मुभा दिली आहे. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की अडचण नेमकी कुठे येते. ही मुभा आपल्या किती बायकांनी वापरली?

"मुसलमान देशांत कसं असतं?" असं मुली विचारतात. अरब देशांत आणि इराणात बायकांचं नाव लग्नाने बदलत नाही. तुर्कस्तानात युरोपच्या धर्तीवर कायदा आला आणि नवऱ्याचं आडनाव घेणं बंधनकारक झालं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२३ मध्ये ते कलम रद्द केलं, तेही बायका वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्यावर.

आणि आपल्या मराठीतच मल्लिका अमर शेख आहेत. नवरा नामदेव ढसाळ, एवढा मोठा कवी. तरी पुस्तकांवर नाव राहिलं ते शाहीर बापाचं. गंमत म्हणजे तो बापही जन्माने बार्शीचा मेहबूब पटेल, अमर शेख हे त्याने पुढे घेतलेलं नाव. मुलीने सांभाळलं ते बापाने स्वतः निवडलेलं नाव.

ज्यांना बदलायचं त्यांनी खुशाल बदलावं. मुलांच्या शाळेत, दवाखान्यात, प्रवासात एक आडनाव असलं की रोजची चौकशी टळते, हे खरं आहे. काहींना ते मनापासून आवडतं. काहींना तर माहेरचं नाव नकोच असतं, आणि प्रत्येक बाप नाव जपावं असा असतोच असं नाही. अशा मुलीला मी बीबी सफियांचं उदाहरण देत बसत नाही. माझं स्वतःचं म्हणाल तर सेवापुस्तकात माहेरचं नाव आहे, मोहल्ल्यात सासरच्या नावाने हाक येते, आणि मी दोन्हींना ओ देते. पण माझ्या दहावीच्या कागदाला मी कुणाला हात लावू दिला नाही.

मुलींना मी एवढं सांगते. निकाहनाम्यावर थांबू नका, १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्नाची नोंद करून दाखला घ्या. नाव बदला किंवा बदलू नका, दोन नावांना जोडणारा तोच कागद आहे. बदलणार असाल तर राजपत्रात करून घ्या आणि त्याच्या चार प्रती ठेवा. आधारवर एक आणि बँकेत दुसरं असं अर्धवट ठेवू नका, सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. आणि बोलणी होतात त्या दिवशीच विषय काढा. मेहर किती, हॉल कुठला, बिर्याणी किती माणसांची, हे सगळं तेव्हा ठरतं. तुझं नाव काय राहणार हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात.

आणि अब्बांना सांगा, हयात असतानाच सगळ्या वारसांची यादी आपल्या हाताने लिहून ठेवा. मुलींची नावं त्यात लग्नाआधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही नावांनी घाला. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी तसं केलं. ते गेल्यावर भाऊ कागद घेऊन तलाठ्याकडे गेले तेव्हा तिन्ही बहिणींची नावं त्यात होती, आणि हक्कसोडपत्राचा विषय कुणी काढला नाही.