मुंबईला वादळ येत नाही म्हणे!

मुंबईकराच्या काही श्रद्धा अढळ असतात. त्यांतली एक अशी की, अरबी समुद्रात उठलेले वादळ एक तर ओमानला जाते, नाही तर गुजरातला. मुंबईला येत नाही. हवामान खात्याने इशारा दिला की आपण खिडकी लावून घेतो, चहाचे आधण ठेवतो आणि म्हणतो, "मुंबादेवी बसली आहे ना!" देवीवर माझीही श्रद्धा आहे. परंतु सगळेच तिच्या अंगावर टाकून मोकळे होण्याआधी जरा जुनी दप्तरे चाळावीत, असे मला वाटते.

अशीच निश्चिंती दिल्लीकरांचीही होती. त्यांना उन्हाळ्यातली लू ठाऊक, धुळीची आंधी ठाऊक. पण १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात, आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखा भोवरा खाली उतरला आणि काही मिनिटांत तीसच्या आसपास माणसांचा बळी घेऊन गेला. जखमी तर शेकडो. त्या वेळी तेथे शिकणारे अमिताव घोष त्या भोवऱ्याच्या वाटेतच सापडले होते. पुढे ते नामवंत कादंबरीकार झाले. पण हा प्रसंग त्यांना कोणत्याही कादंबरीत घालता आला नाही. वाचकाला तो ओढूनताणून आणलेला वाटेल, ही अडचण! 'द ग्रेट डिरेंजमेंट' या २०१६ सालच्या पुस्तकात त्यांनी हे सांगितले आहे, आणि त्याच पुस्तकात मुंबईवर मोठे वादळ आले तर काय होईल, याचीही चिंता वाहिली आहे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी 'वास्तववाद' या विषयावर पाने भरभरून उत्तरे लिहितो. जे कथेत खरे वाटत नाही, ते नगररचनेच्या नकाशात तरी कुणाला खरे वाटणार?

आता आपल्या स्मरणशक्तीचा एक मासला पाहा. जगातल्या भीषण वादळांच्या कित्येक याद्यांत '६ जून १८८२, मुंबई, एक लाख मृत' अशी नोंद वर्षानुवर्षे छापली जात होती. १८८१च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात. म्हणजे दर आठ माणसांमागे एक मेला, आणि त्याचा एक पोवाडा नाही, एक स्मारक नाही, कोणाच्या आजीची एक आठवण नाही! संशोधकांनी अलीकडे त्या काळची कागदपत्रे तपासली तेव्हा कळले, की असे वादळ झालेच नव्हते. याद्या करणारे एकमेकांचे उतरवून घेत होते. (परीक्षेच्या दालनाबाहेरही हे चालते तर!)

पण जे खरोखर आले त्याचे काय? १९४८ साली, २१ व २२ नोव्हेंबरला, चक्रीवादळाने मुंबईला झोडपले. जुहूला वाऱ्याचा वेग ताशी १५१ किलोमीटरपर्यंत गेला. ३८ माणसे मेली, आणखी ४७ बेपत्ता झाली. मी वर्गातल्या अकरा जणांना या वादळाविषयी विचारले. एकालाही ते माहीत नव्हते. न झालेले वादळ छापून येत राहते आणि झालेले पुसले जाते, असे हे आपले शहर.

पावसाच्या बाबतीत आपण असे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे शाळकरी पोरही सांगते. भरतीची वेळ वर्तमानपत्रात येते, ती आपण वाचतो. वाऱ्याशी मात्र आपली ओळख 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' एवढ्या भूगोलाच्या धड्यापुरतीच.

माझगावात वाऱ्याची ओळख असलेली माणसे अजून आहेत, ती भाऊच्या धक्क्यावर. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट याच धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येच्या सुमारास गावाकडे निघालेल्या माणसांनी ती भरली होती. वाऱ्याने खवळलेल्या समुद्रात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आमच्या आळीतल्या जुन्या घरांत अजूनही पावसाळ्यात लाँचने जायचे कोणी काढले, की म्हातारी माणसे 'रामदास'चे नाव घेतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्या ओळखीचे एक तांडेल आहेत. तीन नंबरचा बावटा लागला, की ते होडी ओढून घेतात. देवीचे नाव घेतात, पण होडी ओढून झाल्यावर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि श्रद्धेला तडे जाण्याचे दिवस तर आलेच आहेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. मुंबई बचावली, असे आपण म्हटले. श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला किती वर्षे जातात, हे तिकडच्या माणसाला विचारावे. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' समुद्रातूनच पुढे गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. खोल समुद्रात २६१ माणसे असलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला. सोबतची टग धरून ऐंशीहून अधिक कामगार गेले. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यात तीव्र वादळे वाढत आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ वारंवार सांगत आहेत. बरे, चक्रीवादळच कशाला हवे? १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला धुळीच्या साध्या वावटळीत जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण गेले. मर्यादा ४० फूट बाय ४० फुटांची. फलक १२० बाय १२०! याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे म्हणजे वाऱ्यावर आळ घेणे होय.

माझगावच्या टेकडीवरच्या बागेतून खाली पाहिले, की एका बाजूला युद्धनौका बांधणारी गोदी दिसते आणि दुसऱ्या बाजूला निळी ताडपत्री घातलेली, वर टायर आणि दगड ठेवलेली छपरे. मेच्या अखेरीस आम्ही छपराला ताडपत्री बांधतो ती पावसासाठी. तोच दगड वाऱ्याने उडाला तर खालच्या गल्लीत कोणाच्या डोक्यात पडेल, याचा विचार त्या बांधणीत नसतो. आमची इमारत टेकूंवर उभी आहे. 'निसर्ग'च्या वेळी किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना पालिकेच्या शाळांत हलवले, ते योग्यच झाले. पण किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, टेकूवरच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी आजी त्या यादीत बसत नव्हती. तिला जिना उतरायलाच पाऊण तास लागतो.

म्हणून आम्ही चार मुलांनी मिळून एक अर्ज केला आहे. वादळाचा इशारा आला तर आमच्या इमारतीतल्या २८ बिऱ्हाडांनी कोणत्या शाळेत जायचे, तिची किल्ली कोणाकडे असते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना कोण उचलणार, एवढे तीनच प्रश्न त्यात आहेत. पहिल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी तो वाचला, हसले आणि म्हणाले, "मुंबईला कुठे वादळ येतं?" दुसऱ्या खिडकीवर पोच मिळाली. उत्तर आले, तर पुढच्या अंकात कळवीन.