आधी थांबायचं बघा, बॉस!

पावसाळा आला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये एक साथ हमखास पसरते. जुन्या जीपची! सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट भरणाऱ्या माणसाला अचानक ताम्हिणीचा चिखल खुणावू लागतो. मग सेकंडहँड फोर-बाय-फोर दारात येते आणि पाठोपाठ शॉपिंग सुरू. जाड टायर, पुढे विंच, वर लाइट्सची रांग, जमलंच तर जास्त ताकदीचं इंजिन. सगळं कसं एकदम माचो! आणि ब्रेक? 'लागतात की यार,' एवढंच उत्तर मिळतं.

लागतात हो. पण कधी, किती आणि कुठल्या चाकाला, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या ओळखीतल्या एका सॉफ्टवेअरवाल्याकडे जुनी डिझेल जीप आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागच्या पावसाळ्यात मी त्याच्या शेजारच्या सीटवर होते. ओढा पार केला, फोटोबिटो काढले. पुढच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, तर गाडी ओढली गेली उजवीकडे, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या एसटीच्या दिशेने. एसटीवाल्याने वेळीच गाडी कडेला घेतली म्हणून वाचलो. नंतरची वीस मिनिटं गाडीत कुणीही बोललं नाही.

यात भुताटकी काही नाही. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा. आतले दोन शूज बाहेरच्या दिशेने दाबले जातात आणि फिरणारा ड्रमच पुढच्या शूला आणखी घट्ट ओढून घेतो. त्यामुळे कमी जोरातही ब्रेक चांगला लागतो. पण एका ड्रममध्ये पाणी शिरलं आणि दुसरा कोरडा राहिला, की हाच गुण उलटतो. कोरडं चाक जोरात धरतं, ओलं चाक घसरतं आणि स्टिअरिंग हातातून खेचलं जातं.

लांबच्या घाटाची गोष्ट वेगळी. तिथे ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि शूजपासून लांब जातो. पेडल खोल खोल जाऊ लागतं. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. तापून जाड झाली तरी ती पॅडच्या जवळच येते.

हे काही आजचं ज्ञान नाही. जॅग्वारने १९५३ साली डिस्क ब्रेक लावून ल माँची चोवीस तासांची रेस जिंकली होती. आपल्याकडच्या जुन्या जीप मात्र ज्या विलीजच्या वंशातल्या, तिच्या दुसऱ्या महायुद्धातल्या मॉडेलला चारही चाकांना ९ इंचाचे ड्रम होते. त्या काळच्या रस्त्यांना आणि वेगाला ते पुरत. आज आपण त्याच वंशाला हायवेवर ८० ने पळवतो. वेग ४० चा ८० झाला की ब्रेकला दुप्पट नाही, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. इंजिन बदलून पळणं वाढवायचं आणि थांबणं जुनंच ठेवायचं, हा कुठला फंडा?

तर मित्राने ठरवलं, पुढे डिस्क लावायच्या. नाना पेठेतल्या एका मिस्त्रींकडे आम्ही गेलो. मला वाटलं, ड्रम काढायचा, डिस्क ठोकायची, चहा प्यायचा, घरी! मिस्त्री हसले. म्हणाले, "ताई, डिस्क काय कुणीबी बसवंल. मागचं गणित जुळवायला डोकं लागतं."

हे गणितच या लेखाचा मुद्दा आहे. ब्रेक हा पार्ट नाही, सिस्टिम आहे. चाकाजवळचं निम्मं काम असतं. त्याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर घ्यायचे आणि ते नीट बसतील असं जाड, मजबूत ब्रॅकेट करून घ्यायचं. उरलेलं निम्मं काम बॉनेटखाली.

डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून पायाचा जोर जास्त लागतो. त्यासाठी बूस्टर हवा. बूस्टर चालतो व्हॅक्युमवर आणि डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्युम आयता मिळत नाही, म्हणून व्हॅक्युम पंप हवा. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो आल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो.

मग मास्टर सिलिंडर. ड्रमसाठीच्या जुन्या सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रममध्ये शूज मागे खेचायला स्प्रिंग असतात, त्यामुळे तिथे ते चालतं. कॅलिपरला मात्र तेच प्रेशर पॅड डिस्कवर घासत ठेवतं. शिवाय खूप जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की खेळ खलास! म्हणून दोन सर्किटचा टँडेम सिलिंडर घ्याच.

शेवटी पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. मागे ड्रम राहू द्यायला हरकत नाही, पण त्यांचं प्रेशर आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह नीट सेट व्हायला हवा. हे सगळं न करता नुसत्या डिस्क लावल्या, तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट थांबू शकते. दिसायला मात्र झक्कास!

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं आहे. म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी आरटीओला आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारा, उत्तर लेखी घ्या. सुरक्षेसाठीच केलं, हे क्लेमच्या वेळी सांगून उपयोग नाही.

गॅरेजमध्ये जाताना ही चिठ्ठी खिशात ठेवा:

• कॅलिपर बसवल्यावर आपली रिम लावून बघा. छोट्या रिमला तो घासू शकतो.
• स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ब्रेक होज ताणला जात नाही ना, हे दोन्ही बाजूंना बघा.
• जुन्या शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.
• ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलंच. साधं इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून खराब होतात.
• एअर काढायला सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.
• पहिली टेस्ट रिकाम्या, सपाट रस्त्यावर, हळू वेगात. थेट घाटात नाही!

आणि बजेट कमी असेल तर? सरळ आहे, विंच पुढच्या वर्षी घ्या. निदान असलेले ड्रम उघडून साफ करा, शूज अ‍ॅडजस्ट करून घ्या आणि ओढा ओलांडल्यावर सावकाश चालवत ब्रेक हलकेच दाबून वाळवा. याला पैसे जवळपास लागत नाहीत, लागते ती अक्कल. ती मात्र सेकंडहँड मिळत नाही!