भरल्या ताटावरून कोणाला उठवावे?

संगणकाच्या 'मेमरी'ला आपण 'स्मृती' म्हटले आणि तिथेच एक घोटाळा करून ठेवला, असे मला वाटते. घाटाखालच्या एका खेड्यातून आमच्या महाविद्यालयात येणारी एम.ए.ची विद्यार्थिनी आपला प्रकल्पनिबंध फोनवर लिहीत होती. घरी संगणक नाही. मध्येच कोणाचा तरी फोन आला. बोलून परत येते तो दोन तासांचे लेखन नाहीसे झालेले. 'मेमरी भरली असेल', असे कोणीतरी सांगितले म्हणून तिने घरचे जुने फोटो पुसून टाकले. आठवड्याने पुन्हा तेच घडले.

फोटो पुसून उपयोग नव्हता. फोटो राहतात कोठारात. अपुरी होती ती पंगतीची जागा. चालू कामांना लागणाऱ्या या तात्पुरत्या जागेला 'रॅम' म्हणतात. वीज गेली की तिच्यातले सारे जाते. तिला स्मृती कसे म्हणावे?

लग्नघरी आमंत्रणे पाचशेंना जातात आणि स्वयंपाक चारशेंचा होतो, कारण सगळेच येत नाहीत हा अनुभव असतो. लिनक्स ही कार्यप्रणाली असाच सढळ हात ठेवते: मागितलेली सारी जागा प्रोग्रॅम सहसा वापरत नाहीत, म्हणून ती असते त्याहून अधिक जागेचे वचन देऊन बसते. विंडोज हिशेबी आहे. रॅम आणि डिस्कवरची राखीव जागा यांच्या बेरजेपलीकडे ती वचन देत नाही, नकार देते. गर्दी वाढली की जागेचे काही तुकडे डिस्कवर हलवले जातात. या तुकड्यांना 'पेज' म्हणतात. पंगतीत आपणही पानेच मांडतो. १९६२च्या सुमारास मँचेस्टरच्या 'अ‍ॅटलास' संगणकाने ही युक्ती रूढ केली. पण उचल-ठेव अति झाली की यंत्राचा सारा वेळ तिच्यातच जातो, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ साली उलगडून दाखवले.

आणि सगळेच पाहुणे आले तर? तेव्हा लिनक्स कोणाला तरी भरल्या ताटावरून उठवते. हे काम करणाऱ्या भागाचे नावच 'ओओएम किलर'. तो आवराआवरीला अवधी देत नाही. पूर्वी दीर्घकाळ चाललेल्या कामाला तो सवलत देई. २०१०मध्ये नियम नव्याने लिहिला गेला आणि सर्वाधिक जागा अडवणारा प्रथम उठू लागला. व्यवस्थापकाला मात्र उणे १००० ते अधिक १००० असा अंक देता येतो. उणे १००० मिळालेल्याला कोणी हात लावत नाही. फोनमध्ये पडद्यावर आहे त्याला अभय, मागे गेलेल्यावर आधी पाळी. फोन आला तेव्हा आमच्या विद्यार्थिनीचा निबंध मागे गेला होता.

कोणालाच उठवू नये, असे माझे म्हणणे नाही. सारी पंगतच मोडण्यापेक्षा एकाला उठवणे बरे. परंतु कोणाला उठवायचे, हे यंत्र ठरवत नाही. तो नियम माणसांनी लिहिलेला असतो. प्रोग्रॅम मागे जाताना फोनची प्रणाली त्याला सूचना देते, मजकूर जपून ठेवण्याची संधी देते. ती न घेणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची हयगय होय. तिची झळ ऐपतदाराच्या मोठ्या फोनला क्वचितच लागते; अपुऱ्या जागेत लिहिणाऱ्याला ती रोज लागते. साहित्यात कोणाचा आवाज वगळला गेला, हे आपण वर्गात हिरिरीने विचारतो. इथे मात्र 'फोन हँग झाला' म्हणून दैवावर हवाला ठेवतो. हा नियमही एक संहिताच आहे. तीही आपण वाचायला हवी.

तिसऱ्यांदा तिने निबंध वहीत लिहून आणला, आणि मी तो स्वीकारला. पुसलेले फोटो मात्र परत मिळाले नाहीत. त्यांचा बळी यंत्राने घेतला नव्हता. एका शब्दाचा अर्थ आपण तिला नीट सांगितला नव्हता.