फक्त फॉरमॅट गेलाय!

कॉम्प्युटरवरून आलेल्या पत्रात रक्कम विचित्र दिसली म्हणून विचारायला जा, उत्तर ठरलेलं असतं: "आकडा बरोबरच आहे हो, फक्त फॉरमॅट गेलाय." माझं भांडण या 'फक्त'शी आहे.

आमच्या शेजारच्या काकांना एका पतसंस्थेकडून ठेवीचं पत्र आलं. रक्कम १२३४५६७.५. व्याजदर ०.०८५. मुदत संपण्याची तारीख ३/५. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गायब. काका एसटीत कंडक्टर होते, म्हणजे आयुष्यभर पै-पैचा हिशेब दिलेला माणूस. त्यांनी एकेका अंकावर बोट ठेवून रक्कम वाचली. व्याजाचा दर बघून मात्र ते हबकलेच. शंभर रुपयांवर साडेआठ पैसे? खरा दर होता साडेआठ टक्के, आणि खरी तारीख ५ मार्च. पत्रावर विसंबून काका मे महिन्यात गेले असते.

आता हे होतं कसं ते बघा. एक्सेलच्या खान्यात आपल्याला दिसतो तो आकडा वेगळा आणि आत साठवलेला वेगळा. स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, टक्के हे सगळं वरचे कपडे. पूर्वी वर्ड मेल मर्जसाठी डीडीई नावाच्या रस्त्याने माहिती घ्यायचं, त्यात आकडा कपड्यांसकट यायचा. वर्ड २००२ पासून ओएलई डीबी हा रस्ता आपोआप निवडला जाऊ लागला. तो आतला उघडा आकडा उचलतो, आणि तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी आणून ठेवतो. म्हणजे ही भानगड वीस वर्षांहून जुनी आहे. "सिस्टीमने अचानक असं केलं" हे कुणी सांगू नये.

उपायही तितकाच जुना आहे. ऑल्ट आणि एफ९ दाबलं की पत्रातल्या फील्डचा कोड दिसतो. त्यात बॅकस्लॅश, हॅश आणि अवतरणचिन्हांत हवा तो नमुना लिहिला की दोन दशांश मुकाट्याने येतात. तारखेला हॅशऐवजी ॲटचं चिन्ह; तिथे महिन्याचा एम मोठा लिहायचा, छोटा लिहिलात तर मिनिटं येतील. टक्के किंवा आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर सरळ शीटमध्येच टेक्स्ट फंक्शन वापरून एक वेगळा रकाना करावा आणि पत्राला तो जोडावा. दहा मिनिटांचं काम, तेही एकदाच.

खाते क्रमांकाची गोष्ट मात्र याहून गंभीर. मुळात ती संख्याच नव्हे. खाते क्रमांकांची बेरीज कधी कुणी केली आहे का? ते अंकांत लिहिलेलं नाव आहे, आणि नाव मजकूर म्हणूनच साठवायला हवं. संख्या म्हणून टाकलंत की पुढची शून्यं जातात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं लक्षात ठेवतं, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. मग जगातलं कुठलंही फॉरमॅटिंग तो परत आणू शकत नाही. इथे 'फक्त फॉरमॅट' नाही, माहितीच गेलेली असते.

यावर हमखास येणारा बचाव म्हणजे, "हजार पत्रं काढायची असतात, प्रत्येक कोण बघणार?" अहो, हजार नका बघू, तीन बघा! सगळ्यात मोठ्या रकमेचं, सगळ्यात छोट्या रकमेचं आणि ज्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य आहे असं एक. मर्ज करण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये ती दिसतात. आणि मी टायपिंग करणाऱ्या मुलीला दोष देत नाहीये. तिला कुणी शिकवलेलंच नसतं. दोष आहे खाली सही करणाऱ्या साहेबांचा. पत्रावर नाव त्यांचं, तेव्हा पत्रातला आकडाही त्यांचाच.

मला चीड याची येते की ही दहा मिनिटं वाचवून सगळा भार पत्र वाचणाऱ्यावर टाकला जातो. ज्याच्याकडे शीट नाही, फोन लावला तर उचलला जात नाही आणि ज्याचे पैसे अडकलेत, त्यानेच ओळखायचं की ०.०८५ म्हणजे साडेआठ टक्के! चुकून उलटं समजलं तर नुकसान त्याचंच.

आकडा कसा लिहिला आहे हा सजावटीचा प्रश्न आपल्याकडे कधीच नव्हता. चेकवर रक्कम अंकात लिहून भागत नाही, अक्षरातही लिहायची आणि शेवटी 'फक्त' घालायचं, म्हणजे पुढे कुणी काही जोडू नये. तो 'फक्त' रकमेची राखण करायला असतो. पतसंस्थेच्या काउंटरवरचा 'फक्त' मात्र हात झटकायला वापरतात. पुढच्या वेळी तुम्हाला असं पत्र आलं तर समजून घेऊ नका. परत पाठवा, आणि नीट लिहिलेलं मागा.